साळवेबाई आणि आधीचं चित्र

माझ्या बायकोनं, सुनंदानं, एकदा साळवेबाईंना सहज विचारलं, "बाई, मी जाड झालेय का हो?" साळवेबाईंनी चष्मा पुसला. सुनंदाकडे समोरून पाहिलं, मग बाजूनं पाहिलं आणि म्हणाल्या, "आधीचा फोटो आणा."

सुनंदाला वाटलं, थट्टा आहे. थट्टा नव्हती. बाई ओट्यावर बसूनच राहिल्या. शेवटी आमच्या लग्नाचा अल्बम काढावा लागला. त्यांनी तो उजेडात धरून बराच वेळ निरखला आणि निकाल दिला, "झालायत. मुख्यतः डाव्या बाजूला."

शिरूरला आमची त्यांची भिंतीला भिंत. सलोमी साळवे हे त्यांचं पूर्ण नाव, पण सगळी गल्ली साळवेबाई म्हणायची. वडील मिशनच्या शाळेत मास्तर होते. आईवडील गेले, लग्न केलं नव्हतं, त्यामुळे तीन खोल्यांच्या घरात बाई आणि त्यांची शिस्त अशा दोघीच राहायच्या. रोज सकाळच्या एसटीनं पुण्याला जायच्या. तिथल्या एका सरकारी ऑफिसात उपग्रहांनी पाठवलेली चित्रं बघायचं त्यांचं काम. 'बघायचं' म्हटलेलं मात्र त्यांना खपायचं नाही. "बघतात सगळेच," त्या म्हणायच्या, "मी वाचते."

"आधीचं चित्र कुठाय?" हे त्यांचं पालुपद. एका चित्रावरून काही ठरवायचं नाही, आधीचं शेजारी ठेवायचं आणि मग काय बदललं ते बोलायचं, हा ऑफिसातला नियम त्यांनी सगळ्या जगाला लावला होता. पलीकडच्या काकू सुनेचं गाऱ्हाणं घेऊन आल्या, की बाई शांतपणे विचारायच्या, "लग्नाच्या आधी कशी होती?" काकूंना ते माहीत नसायचं. गाऱ्हाणं तिथंच संपायचं.

संध्याकाळी लाइट गेली, की बाईंच्या अंगात मास्तर संचारायचे. परातीत पाणी घ्यायच्या, शेजारी पोतं अंथरायच्या आणि हातात बॅटरी घेऊन आम्हाला रडार शिकवायच्या. साध्या कॅमेऱ्याला ढगाखालचं दिसत नाही. रडार वरून स्वतःच लहरी सोडतं आणि परत येतील त्या मोजतं. त्याला ढगांची आडकाठी नाही, अंधाराची नाही. बाई पाण्यावर तिरका झोत टाकायच्या. तो उडून पलीकडच्या भिंतीवर जायचा. "बघा, माझ्याकडे काही परत आलं नाही. म्हणून साचलेलं पाणी चित्रात काळं." मग पोत्यावर झोत टाकायच्या. "हे खडबडीत. थोडं परत देतं. म्हणून जमीन करडी." गल्लीतल्या निम्म्या लोकांना हे पाठ झालं होतं, पण बॅटरीचे सेल बाईंचे असल्यामुळे कुणी तक्रार करत नसे.

ही कीर्ती दौंड तालुक्यातल्या राहू गावापर्यंत पोचली. तिथून आबा कोकरे एक दिवस पटका बांधून आले. "बाई, तुमाला म्हनं आभाळातनं पानी दिसतं. आमच्या रानात हीर कुठं घ्यावी तेवढं बघून सांगा."

"आबा, जमिनीखालचं नाही दिसत मला. वर साचलेलं तेवढं दिसतं."

आबा विचारात पडले. "वर साचलेलं तर मलाबी दिसतंय की. मग सरकार तुमाला पगार कशाचा देतं?"

बाई इतक्या हसल्या, की चष्मा काढून ठेवावा लागला. पुढं कित्येक दिवस त्या हा प्रश्न येईल त्याला सांगत होत्या.

पगार कशाचा, ते मला ओरिसात मोठं चक्रीवादळ झालं त्या वर्षी कळलं.

मी तेव्हा रांजणगावला एका कारखान्यात शिफ्ट सुपरवायझर होतो. माझ्या हाताखाली प्रफुल्ल नावाचा ओडिया वेल्डर होता. सदा गाणं गुणगुणणारा माणूस. समुद्राजवळ, नदीच्या तोंडाशी त्याचं गाव. आई, बायको आणि लहान मुलगी तिकडे. वादळानंतर फोन बंद पडले, गाड्या बंद झाल्या. प्रफुल्लचं गाणंही बंद झालं. जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडता बसायचा. मी काही विचारलं, की एवढंच म्हणायचा, "साहब, कुछ पता नहीं."

एका संध्याकाळी मी त्याला कंपनीच्या बसमधून थेट साळवेबाईंकडे नेलं. त्यांच्या ऑफिसात त्याच किनाऱ्याची चित्रं येत आहेत, हे मला सुनंदाकडून कळलं होतं. मला वाटलं, बाई चहा देतील, चार धीराचे शब्द बोलतील. बाईंनी त्याच्या हातात खडू दिला.

"गाँव निकालो. फर्श पर."

प्रफुल्ल गोंधळला, पण शहाबादी फरशीवर उकिडवा बसला आणि काढत गेला. नदी, नदीकडेचा मातीचा बांध, देऊळ, तळं, शाळा. त्याचं घर तळ्याला लागून. काढता काढता त्याचा हात स्थिर झाला. बाई मध्येच विचारायच्या, "बांध ऊँचा है? तालाब के उस तरफ क्या?" धीराचा एक शब्द नाही. शेवटी मला म्हणाल्या, "उद्या याला घेऊन ऑफिसात या. गाव त्याला माहीत आहे, चित्र मला."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं पुण्याला गेलो. बाईंच्या टेबलावर पुराचा नकाशा तयार होता. पाण्याचा भाग निळा रंगवलेला. दुपारी तो मदतीचं काम पाहणाऱ्यांकडे जायचा होता. बाईंनी नदी धरून बोट पुढं नेलं, बांध सापडला, मग तळं सापडलं. गाव निळ्याच्या बाहेर होतं.

"सूखा है?" प्रफुल्लनं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता त्यांच्या पायाशी वाकला.

"रुको," बाई म्हणाल्या. त्यांनी कॉम्प्युटरवर रडारचं मूळ चित्र काढलं आणि शेजारी वादळाच्या आधीचं. दोन्हींकडे आळीपाळीनं बघत राहिल्या. आधीच्या चित्रात गावाची जागा करडी होती. आताच्या चित्रात ती पांढरी, झगझगीत. काळी कुठंच नाही. मला तर ती शुभ खूण वाटली.

"यहाँ पेड़ हैं?"

"नारियल, मॅडम. पूरा गाँव नारियल में है."

बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. त्या क्षणी त्या गप्प राहिल्या असत्या, तर तो माणूस त्या रात्री पोटभर जेवला असता.

"सूखा नहीं है," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून मराठीत सांगितलं, कारण तेवढं हिंदी त्यांना जमत नव्हतं. झाडं उभी आहेत आणि त्यांच्या बुडाशी पाणी आहे. लहर पाण्यावर आपटते, तिथून खोडावर आणि खोडावरून सरळ परत. म्हणून जास्त उजळ. उघड्यावरचं पाणी काळं दिसतं, झाडांखालचं पांढरं. मी ते प्रफुल्लला कसं सांगितलं, मला आठवत नाही. तो खुर्चीत बसला.

"माँ?" त्यानं एकदाच विचारलं.

"आदमी इसमें नहीं दिखते, बेटा. बांध दिखता है. बांध सूखा है."

बाईंचे साहेब आले. वयस्कर, दमलेले. "बाई, नकाशा दुपारी जायचाय."

"सर, झाडीतली सगळी गावं पुन्हा तपासायला लागतील. उशीर होईल."

साहेबांनी उभ्यानंच दोन्ही चित्रं पाहिली. मग खुर्ची ओढून बाईंच्या शेजारी बसले आणि म्हणाले, "तुम्ही उत्तरेकडून घ्या, मी दक्षिणेकडून येतो." दिवे लागेपर्यंत दोघं मान वर न करता काम करत होते. नकाशा गेला तेव्हा निळा भाग बराच वाढला होता.

परतीच्या एसटीत मी बाईंवर चिडलो होतो. प्रफुल्ल मागच्या बाकावर होता, तरी मी हळू आवाजात म्हणालो, "त्याला दोन दिवस आशेवर राहू दिलं असतं, तर काय बिघडलं असतं?"

"त्याला कोरडं सांगायचं आणि नकाशात निळं लावायचं, असं मला नाही जमत," त्या म्हणाल्या. "आणि नकाशात कोरडं राहिलं असतं, तर तिकडं होडी कुणी पाठवली असती?" मग खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "गाड्या सुरू झाल्या, की दौंडवरून भुवनेश्वरची गाडी आहे. एकट्याला नाही पाठवायचं. मी रजा टाकलीय."

आयुष्यभर वरून पूर वाचणारी ही बाई कधी पुरात उतरली नव्हती. मी त्यांना दौंडच्या प्लॅटफॉर्मवर सोडायला गेलो. दोन पिशव्या होत्या. एकीत औषधं, क्लोरीनच्या गोळ्या, चिवडा. दुसरीत बाईंनी सुनंदाच्या मशीनवर शिवलेली लहान झबली. सगळी एकाच फुलाफुलांच्या कापडाची, आणि एकाची एक बाही दुसरीपेक्षा लांब. गाडी आली तेव्हा प्रफुल्ल पायऱ्यांपाशीच घुटमळला. बाईंनी त्याच्या पाठीवर हात ठेवून त्याला आत ढकललं आणि मागोमाग चढल्या.

बाई बऱ्याच दिवसांनी परतल्या. उन्हानं रापलेल्या, पाय चिखल्यांनी फुटलेले. एवढंच सांगितलं, की बायको आणि मुलगी बांधावर सापडल्या. आई घर सोडून निघाली नव्हती, ती गेली. घराच्या भिंती पडल्या. जास्त विचारलं, की "दमलेय" म्हणायच्या.

बाकीचं प्रफुल्लनं सांगितलं. घर उभं करून तो काही महिन्यांनी कामावर आला, तेव्हा बायको आणि मुलगीही बरोबर होत्या. रांजणगावला त्यानं खोली घेतली. तो म्हणाला, तो आणि बायको दिवसभर चिखल उपसायचे आणि मॅडम मुलीला मांडीवर घेऊन बांधावर बसायच्या. मुलगी भेदरलेली, कुणाकडे जात नव्हती. मॅडम तिला मराठीत गाणी म्हणायच्या. निघायच्या दिवशी मुलीनं त्यांच्या गळ्याची मिठी सोडली नाही. सोडवून घेताना मॅडम रडल्या. हे तो मला दबक्या आवाजात सांगत होता, जणू बाईंच्या हातून काही भलतं घडलं होतं.

त्या संध्याकाळी बाई अंगणात साड्या वाळत घालत होत्या. मी भिंतीवरून म्हणालो, "बाई, प्रफुल्ल आलाय. सगळ्यांना घेऊन आलाय. मुलगी तुमची आठवण काढते म्हणाला."

बाईंनी साडीचं टोक पिळलं. पाणी निथळेपर्यंत थांबल्या.

"ती मला माउसी म्हणते," त्या म्हणाल्या. "त्यांच्यात मावशीला तसं म्हणतात." मग साडीकडेच बघत म्हणाल्या, "मला बहीण नव्हती ना. त्यामुळे मावशी म्हणणारं कुणी झालंच नाही."

सुनंदा माझ्या शेजारी उभी होती. ती भिंतीला वळसा घालून त्यांच्या अंगणात गेली आणि साडीचं दुसरं टोक धरून ताणू लागली.