आत माणूस आहे

लाल कुलूप, किल्ली एकच.

पितळी शिट्टी.

खांद्याच्या धक्क्यानं दार उडवणं, ही वरच्या मजल्यावरच्या काकांची आयुष्यभराची इच्छा.

आत शिरणारा तो दुसरा बळी.

आणि पिटुकलीचं नाक.

पिटुकली पाच महिन्यांची. सर्दीनं नाक असं गच्च बसलं होतं, की दूध ओढायला लागली की श्वास अडायचा आणि श्वासासाठी तोंड सोडलं की दूध राहायचं. सकाळपासून पोटात धड घोटभर गेलं नव्हतं. ती सूं सूं करायची आणि तिच्या बापाच्या काळजाचं पाणी व्हायचं.

बाप बॉयलरवाला. कपडे धुण्याच्या कारखान्यातला बॉयलर तो सांभाळायचा. वाफ म्हणजे काय, हे त्याला डाव्या हाताच्या कोपरापासून मनगटापर्यंत ठाऊक होतं. तिथली कातडी अजून गुळगुळीत होती. म्हणून डॉक्टरीणबाई "वाफ द्या" म्हणाल्या, तेव्हा त्यानं खुर्चीचा हात घट्ट धरला.

"उकळतं पातेलं बाळाजवळ न्यायचं नाही," त्या म्हणाल्या. "डोक्यावर चादर नाही, पाण्यात औषध नाही, बाम नाही. बाथरूमचं दार लावून गरम पाणी सोडा. खोली दमट झाली की नळ बंद करा आणि बाळाला घेऊन थोडा वेळ नुसतं बसा."

नुसतं बसा म्हणे! कारखान्यात बॉयलरच्या पोटात साफसफाईला माणूस उतरायचा, तेव्हा वाफ बंद करून झडपेच्या चाकाला कुलूप लागायचं आणि किल्ली उतरणाऱ्याच्या खिशात जायची. कुलपाला पाटी: 'आत माणूस आहे.' बाहेर एक राखण्या. त्यानं हाका मारत राहायचं. उत्तर आलं नाही, तर आत शिरायचं नाही, शिट्टी फुंकायची.

घरी येऊन त्यानं हे सगळं बायकोला पढवलं.

"अहो, तुम्ही बाथरूममध्ये बसणार आहात."

"वाफ ती वाफ."

"आणि तुमचा आवाज नाही आला, तर मी माझ्या लेकराला आत ठेवून शिट्ट्या मारू?"

"आत शिरणारा दुसरा बळी असतो. माणसं अशीच जातात."

तिनं त्याच्या हाताकडे पाहिलं आणि शिट्टी गळ्यात घातली.

"अरे, तुला मी पातेल्यावरच धरायची," त्याची आई म्हणाली. "काय झालं तुला?"

"आई, शेगडीजवळ जाऊ नकोस!"

"काय झालं ते दिसतंच आहे," आई पुटपुटली.

त्यानं दार लावून गरम पाणी सोडलं. आरसा धुरकट झाला, भिंती घामेजल्या. मग नळ बंद. गीझरच्या बटणाच्या डबीला लाल कुलूप, कुलपाला पाटी, किल्ली खिशात. दाराला कडी लावली नाही, तोही नियमच. पिटुकलीला छातीशी धरून तो स्टुलावर बसला. छतावरून थेंब पडला, तसा तो दचकला.

"ठीक?" बाहेरून बायको.

"ठीक!"

डावा हात खाजू लागला. त्यानं चारी कोपऱ्यांत स्वतःचा गाल फिरवून हवा तपासली होती, तरी पुन्हा पाहावंसं वाटत होतं.

"ठीक?"

"ठीक!"

आणि सूं सूं थांबलं.

त्यानं कान तिच्या नाकाशी नेला. काहीच नाही. मग एक बारीक, गुळगुळीत श्वास. मग दुसरा. नाकातून! पिटुकली झोपली होती, दोन रात्रींत पहिल्यांदा, आणि मुठीत बापाची मिशी होती.

"ठीक?"

त्यानं तोंड उघडलं. पिटुकलीची पापणी थरथरली. त्यानं तोंड मिटलं.

"अहो! ठीक?"

ओरडावं तर पोर उठणार. उभं राहावं, तर मिशी अडकलेली.

"अगं, दार ढकल ना!" आईचा आवाज.

"नाही आई! दुसरा बळी!"

"मग मी जाते. माझं काय, झालं आता आयुष्य!"

"आई, हात मागे घ्या म्हणते ना!"

बायकोचा आवाज रडवेला होता, पण ती जागची हलली नव्हती. त्याला अभिमानच वाटला. कारखान्यात इतका चोख राखण्या त्याला कधी मिळाला नव्हता.

मग शिट्टी वाजली. अशी, की जिन्यात दारंच दारं उघडली.

"बाजूला व्हा!" हे काका. "खांदा आहे माझा!"

"काका, उघडंच आहे," तो कुजबुजला. इतकं हळू, की त्यालाही ऐकू आलं नाही.

काका जिन्यापासून धावत आले. दारानं काहीच हरकत घेतली नाही. ते स्टुलाला वळसा घालून थेट पलीकडच्या रिकाम्या टबात बसले.

पिटुकलीनं डोळे उघडले. काकांकडे पाहिलं. मग तिनं असा टाहो फोडला, की घरभर घुमला. त्यापाठोपाठ शिंक आली, आणि राहिलंसाहिलं सगळं काकांच्या टकलावर.

बायकोनं पिटुकलीला पदराखाली घेतलं. गट्गट्, गट्गट्. मध्ये एकदाही तोंड न सोडता.

"याला म्हणतात खांदा!" काका टबातून म्हणाले.

"खांदा कसला? शिट्टी!" म्हातारी म्हणाली.

बायको डोळे पुसत म्हणाली, "उद्या मी बसते आत. राखण तुम्ही करा."

बॉयलरवाल्याचा चेहरा पांढरा पडला. दाराबाहेर उभं राहायचं?

दुसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरची बाई आली. तिच्या नातवाचं नाक चोंदलं होतं. तिला शिट्टी हवी होती.

एक गोष्ट तेवढी बायकोला पढवायची राहून गेली होती. दवाखान्यातून निघताना डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "वाफेत बाळ झोपलं, तर नाक मोकळं झालं समजा. उठवू नका."