बिजलीचा पाय, बबनरावांचा पाय

बिजलीचा मागचा डावा पाय दुखू लागला आणि रिठद गावच्या बबनरावांना त्यांच्याच घरात कुणी विचारेनासं झालं. बिजली ही त्यांची संकरित गाय. तिच्या खुराच्या एका भागात खडा रुतून आत पू झाला होता. जनावरांच्या डॉक्टर पौर्णिमाताई आल्या. त्यांनी खूर तासला, पू काढला आणि त्याच खुराच्या दुसऱ्या, धडधाकट भागाखाली लाकडी ठोकळा चिकटवला.

"आता भार चांगल्या भागावर पडेल आणि दुखरा भाग अधांतरी राहून भरून येईल," त्या म्हणाल्या. "औषध कमी, सेवा जास्त. कोरड्या जागेत ठेवा, चालवू नका, चारापाणी जाग्यावर द्या."

सेवा हा शब्द गोजराबाईंनी मनावर घेतला. बत्तीस वर्षांच्या संसारात बबनरावांनी त्यांना असं काही मनावर घेताना पाहिलं नव्हतं. गोठा दिवसातून तीनदा झाडला जाऊ लागला. बिजलीच्या पायाखाली सोयाबीनच्या कुटाराची, म्हणजे मळणीतल्या भुशाची, जाडजूड गादी आली. सकाळचा चहा आठवर गेला, कारण आधी बिजलीचा गूळ. तेवढं बबनरावांनी सोसलं. पण एके दिवशी दुपारी डुलकी काढायला ते ओसरीतल्या बाजेवर आडवे झाले, तर टेबलफॅन जागेवर नाही.

"गोजरा, पंखा कुठी गेला वं?"

"बिजलीपाशी हाये. माशा बसून राह्यल्या तिच्या पायावर."

"अन् माह्या तोंडावर बसून राह्यल्या त्या?"

"तिची शेपटी पायापर्यंत पुरत नाई. तुमाले हात हायेत ना."

बबनराव तणतणत गोठ्याशी गेले आणि कुडाआड थबकले. आत गोजराबाई गायीच्या पाठीवरून हात फिरवत म्हणत होत्या, "माही लाडाची ते. लय दुखते का वं राजा?" राजा! बबनरावांना या बाईने आजवर 'अवो' सोडून दुसऱ्या नावाने हाक मारली नव्हती. त्यांचा जळफळाट झाला. एका गायीवर जळावं, तेही साठी जवळ आली असताना, याची त्यांना थोडी लाज वाटली. पण जळणं काही थांबलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाजेवरून उठताना बबनरावांनी डावा पाय धरला आणि ते विव्हळले. गोजराबाई धावत आल्या. गरम पाण्याची बादली आली, मीठ आलं, अर्धा तास पाय शेकला गेला. बबनराव डोळे मिटून सुखाने विव्हळत राहिले. हे आधीच का सुचलं नाही, असं त्यांना वाटलं.

मग गोजराबाईंनी सेवेचे उरलेले नियमही लागू केले. "चालाचं नाई. बसल्या जाग्यावर भेटन सारं." म्हणजे पारावर जाणं बंद, हॉटेलातला चहा बंद, पत्ते बंद. त्यांनी जुन्या टायरचा जाड तुकडा कापून बबनरावांच्या उजव्या चपलेच्या तळाला ठोकला.

"अवं, माहा डावा दुखते."

"म्हूनच उजव्याले लावला. भार चांगल्यावर, आराम दुखऱ्याले. डाक्टरीण काय सांगून गेली?"

ती चप्पल घालून संडासापर्यंत जायचं म्हणजे एक पाय माडीवर आणि एक अंगणात. चार दिवसांत बबनरावांची कंबर खरोखरच धरली. भेटायला आलेल्या शेजारच्या माणिकरावांनी तर पंचाईतच केली.

"बबनभाऊ, सोमवारी तं डावा धरून बसले होते तुमी. आज उजवा?"

"दुखनं फिरतं हाये," बबनराव म्हणाले.

"वात असन," गोजराबाई आतून म्हणाल्या आणि दोन्ही पायांना कडू तेल चोळून गेल्या.

एवढं करूनही पहिला मान बिजलीचाच. दोघे एकदम कण्हले तर त्या आधी गोठ्यात जात.

"पयले तिच्याकडं काहून?" बबनरावांनी एकदा विचारलंच.

"तिले बोलता येत नाई. तुमी तं थांबतच नाई."

तिसऱ्या आठवड्यात गोजराबाई बचत गटाच्या बैठकीला गेल्या. त्या फाटकाबाहेर पडताच बबनराव उठले, टायरची चप्पल भिरकावली आणि आपला पंखा परत आणायला गोठ्याकडे सरळ पायांनी निघाले. गोठ्यात पंखा फिरत होता, पण बिजली नव्हती. दावं सोडवून घेऊन ती मागच्या कडब्याच्या गंजीपाशी उभी होती, चारी पाय जमिनीवर टेकवून. गंजीच्या दुसऱ्या टोकाच्या कडब्यासाठी ती चांगली दहा पावलं तुरुतुरु चालली. मग तिने मान वळवली. बबनरावांनी तिच्याकडे पाहिलं, तिने बबनरावांकडे.

फाटक वाजलं, गोजराबाई लवकरच परतल्या होत्या. बिजली लगबगीने आपल्या कुटारावर आली आणि तिने पाय वर उचलला. बबनराव पळत ओसरीत आले आणि बाजेवर पडले. "माय वं, अजून टेकवत नाई पाय," म्हणत गोजराबाई गूळ घेऊन थेट गोठ्यात गेल्या.

हे मात्र बबनरावांना सहन झालं नाही. त्या परत येताच ते उठून बसले.

"ते सोंग करून राह्यली. पाय कवाचा बरा झाला तिचा."

"कायच्यावरून?"

"म्या डोयानं पाह्यलं. गंजीपाशी चारी पायानं चालून राह्यलती. तू गटात गेलती तवा."

गोजराबाईंनी गुळाचा हात पदराला पुसला. मग त्यांनी विचारलं, "गंजी गोठ्यामांगं हाये. बाजेवरून दिसते का?"

बबनरावांनी छताकडे पाहिलं. आता तोंडाचा पट्टा सुटणार म्हणून ते अंग चोरून बसले. पण गोजराबाई नुसतं "सरका" म्हणाल्या, बाजेच्या कडेला टेकल्या आणि लुगडं जरा वर करून त्यांनी उजवा पाय पुढे केला. घोट्यापासून टाचेपर्यंत पाय टम्म सुजला होता. टाचेची भेग बोटभर उकलली होती.

"हे कवापासून?" बबनरावांचा आवाज खाली आला.

"बिजलीच्या आदीपासून."

बबनराव उठले. चुलीवर पाणी ठेवलं, मिठाचा डबा शोधायला चार डबे उघडले, बादली आणून बाजेपाशी मांडली आणि खाली बसून बायकोचा पाय पाण्यात धरला.

तेवढ्यात गोठ्यातून हंबरडा आला. लांब, कळवळून. कुडाच्या फटीतून बिजली पाय अधांतरी धरून ओसरीकडे पाहत होती. सवयीने गोजराबाई उठायला लागल्या.

"बस तू," बबनराव त्यांचा पाय पुन्हा पाण्यात दाबत म्हणाले, "तिले काई झालं नाई. ते जळून राह्यली."