एकही मत बाद नाही

कारखान्यातल्या त्या फिटरला सगळे मास्तर म्हणायचे, कारण कुणाला काही शिकवल्याशिवाय त्याला अन्न पचत नसे. यंदा तो युनियनच्या अध्यक्षपदाला उभा होता. समोर स्टोअरकीपर, मालकाचा माणूस. तो निवडून आला तर पॅकिंग खातं बंद करायच्या करारावर सही करणार, हे शेंबडं पोरही सांगेल. पॅकिंगला चाळीस बायका. त्यांतली एक मास्तरची विधवा वहिनी. दोन मुलींचं सगळं तिच्या पगारावर.

"मागच्या वेळी आपली सतरा मतं बाद झाली," जेवणाच्या सुट्टीत मास्तर पॅकिंगच्या बायकांपुढे गरजला. "यंदा एकही होणार नाही. लिहून ठेवा!"

त्याने वहीच्या कागदावर नमुना मतपत्रिका काढली. वर स्वतःचं चिन्ह पाना, खाली स्टोअरकीपरची छत्री. उमेदवार, बहुमत, गुप्त मतदान, सगळं घोकून घेतलं.

"गुप्त म्हणजे नवऱ्यालासुद्धा नाही?" एकीने विचारलं.

"नवऱ्याला नाही आणि मलाही नाही."

मग शिक्क्याचा सराव. पॅकिंगच्या बायकांचा एकदा हात बसला की बघावं लागत नाही. गप्पा मारत खोकी भरतात. "बघत बसू नका. वरचा चौकोन, घडी, पेटी." आठवडाभरात चाळीस हात यंत्रासारखे चालू लागले. मास्तर घड्याळ लावून बघायचा आणि खूश व्हायचा.

उमेदवाराने मत शेवटी द्यावं, हे त्याचं तत्त्व. सगळे देऊन झाल्यावर तो आत गेला आणि त्याने मतपत्रिका उघडली. वर छत्री होती, खाली पाना. चिठ्ठ्या टाकून क्रम ठरल्याची नोटीस चार दिवस फळ्यावर होती. पण नोटिसा वाचायच्या त्या इतरांनी, मास्तरने नव्हे.

तो धावत बाहेर आला. "वहिनी, शिक्का कुठे मारलात?"

"अहो भाऊजी, गुप्त ना?" वहिनी हसली. "काळजी नका करू. तुम्ही शिकवलंत तस्साच."

मास्तर एकतीस मतांनी पडला. मोजणी आटोपून निवडणूक अधिकारी चष्मा पुसत म्हणाले, "इतकी वर्षं मोजतोय, पण एकही मत बाद नाही असं कधी झालं नव्हतं. कुणी शिकवलं यांना?"

वहिनीने अभिमानाने मास्तरकडे बोट दाखवलं. "आमच्या भाऊजींनी."