झबलं आधी

"केबलला लग लावायचा म्हणजे काय? चहा निवायच्या आत होतं ते," असं बुधवारी फोनवर काकूंना ऐकवून फेजकाकांनी लाल केबल हातात घेतली.

फेजकाका म्हणजे चाळीस वर्षं खांबांवर काढलेले निवृत्त वायरमन. काकू दोन महिन्यांपासून लेकीकडे, तिच्या बाळंतपणाला. लेकीचं घर टेकडीवर, आणि शेवटचा चढ असा चिखलाचा की मागच्या खेपेला जीप रुतली आणि जावयाने, चेहरा शक्य तितका गंभीर ठेवून, ती ट्रॅक्टरने ओढून काढली. ती शोभा पुन्हा नको म्हणून काकांनी तेव्हाच जीपच्या नाकावर विंच, म्हणजे दोर गुंडाळत गाडी ओढणारं बॅटरीवरचं यंत्र, बसवायला घेतलं होतं. आपल्याच दोराने वर चढायचं आणि रविवारी काकूंना घेऊन यायचं. रविवारी नेलं नाहीत तर आणखी महिनाभर आई माझ्याकडे, असं लेकीने बजावलं होतं. इकडे घर काकांना खायला उठलं होतं. अजूनही सकाळी सवयीने दोन कप चहा होत होता आणि दुसरा मोरीत जात होता.

काम तसं सोपं. अंगठ्याएवढी जाड केबल सोलायची, टोकावर तांब्याचा लग, म्हणजे बोल्टासाठी भोक असलेली टोपी, चढवायची आणि यंत्रात दाबायची. वरून रबरी स्लीव्ह ओढून गरम केली की ती घट्ट आवळून बसते. मेख एवढीच की स्लीव्ह केबलमध्ये आधी ओवायची. दोन्ही लग दाबले गेले की ती कुठूनच शिरत नाही. काकू तिला झबलं म्हणत. काळी केबल त्या लेकीकडे जायच्या आधीच झाली, तेव्हा त्या शेजारीच लसूण सोलत बसल्या होत्या. "अहो, झबलं घातलं का?" असं त्या प्रत्येक टोकाला विचारत आणि काका खेकसत, "आता तू मला शिकव!"

लाल केबल मात्र एकट्याने. पहिलं टोक झकास झालं. दुसरा लग दाबला, मान वाकडी करून निरखला, आणि मग स्लीव्ह दिसली ती टेबलावर, चष्म्याच्या डबीखाली.

हात्तिच्या म्हणून काकांनी चार बोटं केबल कापून टाकली. मापापेक्षा वीतभर जास्त घेतली होती, काळजी नव्हती. गुरुवारी पुन्हा चार बोटं गेली. शुक्रवारी ते "झबलं, झबलं" असं पुटपुटत बसले, तेवढ्यात पेपरवाला बिलाला आला, आणि तो गेल्यावर पुटपुटायचं राहिलं. वीत संपली.

"काका, जीपा आहेत तरी किती?" त्याच टोकासाठी चौथा लग देताना दुकानदाराने विचारलं. "वरून टेप गुंडाळा की."

"टेपवाल्यांना मी चाळीस वर्षं शिव्या घातल्यात. नवी केबल कधी मिळेल?"

"आठवड्याने."

शनिवारी दुपारी काकांनी लग चढवला आणि यंत्राचा दांडा उचलला. फोन वाजला. तो त्यांनी स्पीकरवर टाकला.

"उद्या येताय ना?" काकू म्हणाल्या.

"येतोय. शेवटचं टोक राहिलंय." काका दांड्यावर जोर देणार तोच फोनमधून करडा आवाज आला, "आधी झबलं घातलं का?"

काकांचे हात जागच्या जागी थांबले. स्लीव्ह डबीखालीच होती.

"नाही गं, राहिलंच. तुला तिथून कसं कळलं?"

"तुम्हाला कोण विचारतंय? लेकीला म्हटलं. पोर उघडी पडलीय इथे."

काकांना हसू आलं. मग चष्मा पुसावा लागला. दोन महिन्यांत त्यांना असं कुणी दरडावलं नव्हतं, आणि तेच तर हवं होतं. त्यांनी स्लीव्ह ओवली, लग दाबला, स्लीव्ह आवळली आणि फोन खिशात तसाच चालू ठेवून जीपपाशी गेले. विंचपासून बॅटरीकडे जाणारी केबल पत्र्यातल्या भोकातून न्यायची होती. भोक केबलच्या मापाचं. लग दीडपट रुंद. केबल आधी भोकातून घालायची होती. काळीच्या वेळी तेही काकूंनीच विचारलं असणार.

"गप्प का झालात?"

"काही नाही. भोकाला कानस मारावी लागेल. संध्याकाळ जाईल."

"बरं. ठेवू मग?"

"नको ठेवूस," काका म्हणाले. "तू बाळालाच काय ते विचारत राहा. मी इथे ऐकतो."

कानस सुरू झाली. बऱ्याच वेळाने फोनमधून आवाज आला, "पोटात काही गेलंय का सकाळपासून?"

एकदा फजिती झाली होती. काका शहाण्यासारखे गप्प राहिले.

"अहो," काकू म्हणाल्या, "हे तुम्हालाच विचारतेय."