वासंतीबाईंच्या मरणाचा ठराव

रियाधमधलं मराठी मंडळ अधिकृतपणे अस्तित्वात नव्हतं, पण त्याचे नियम मात्र कडक होते. राजकारणावर बोलायचं नाही, धर्मावर बोलायचं नाही आणि कुणाच्याही कफीलचं, म्हणजे व्हिसा देणाऱ्या मालकाचं, नाव घ्यायचं नाही. त्यामुळे वार्षिक परिसंवादाला विषय शोधताना कार्यकारिणीच्या तोंडाला फेस यायचा. ‘मोबाइल : शाप की वरदान’ झालं होतं. ‘चपाती की इथली खुबूस रोटी’ यावर तर दोन कुटुंबांचं बोलणं बंद झालं होतं. शेवटी अध्यक्ष अरविंद यांनी तोडगा काढला. ते कंपनीच्या खर्चाने हॉलंडला ट्रेनिंग घेऊन आले होते आणि तेव्हापासून कुठल्याही वाक्याची सुरुवात तिथूनच करत.

“हॉलंडात इच्छामरणाचा कायदा होऊन काही वर्षं झाली,” ते म्हणाले. “आता तिथे वाद वेगळाच पेटलाय. असाध्य आजार नाही, काही नाही, नुसता जगण्याचा कंटाळा आलाय, अशा माणसाला डॉक्टरच्या मदतीने मरायचा हक्क द्यावा का? हा विषय घेऊ. हॉलंडातल्या मरणाला इथे कोण हरकत घेणार?”

ही बैठक कुमारच्या घरी चालली होती. कुमार मंडळाचा सचिव, बँकेत मोठ्या हुद्द्यावर. विषय एकमताने मंजूर होत असताना त्याची आई वासंतीबाई साबुदाण्याच्या खिचडीच्या बशा घेऊन बाहेर आल्या. मिरजेहून त्या तीन महिन्यांसाठी आल्या होत्या. कुमारने व्हिसाची मुदत एकदा वाढवली होती आणि दुसऱ्यांदा वाढवायच्या खटपटीत होता. सून स्मृती शाळेत शिकवायची. मुलं तिच्या आधी घरी यायची, त्यांना गरम जेवण लागायचं आणि आजीच्या प्रश्नांना मुलं इंग्रजीतून उत्तरं द्यायची. चौथ्या मजल्यावरच्या त्या फ्लॅटमधून वासंतीबाई एकट्या अशा खाली कधी उतरल्याच नव्हत्या. मिरजेत मात्र त्या भाजीवाल्याशी भांडायला रोज दोनदा बाहेर पडत.

बशी पुढे करता करता त्या सहज म्हणाल्या, “जगायचा कंटाळा आलाय बाई अगदी.”

हे वाक्य मराठी घरांत दिवसातून चार वेळा बोललं जातं आणि त्यावर कुणी मानही वर करत नाही. पण त्या दिवशी सगळ्यांचे चमचे थांबले.

“काकू,” अरविंदांनी हळुवार आवाजात विचारलं, “तुम्हाला काही आजार?”

“नाही रे.”

“बीपी? शुगर?”

“काही नाही. गुडघासुद्धा दुखत नाही मेला.”

“म्हणजे नॉन-टर्मिनल!” अरविंद जवळजवळ ओरडलेच. “कुमार, अरे, केस घरातच आहे!”

लगेच उपसमिती नेमली गेली. दुसऱ्याच शुक्रवारी ती मुलाखतीला आली. येताना वासंतीबाईंसाठी खजुराचा डबा आणला होता, कारण विषय संवेदनशील होता.

“काकू, मोकळेपणाने सांगा,” अरविंद म्हणाले. “तुमची खरी इच्छा काय?”

“मिरजेला जायचंय.”

अरविंदांनी समजूतदारपणे मान हलवली. “ते झालं ठिकाण. आपण इच्छेबद्दल बोलतोय.”

“अरे, तीच माझी इच्छा. माझं घर आहे तिथे. कुलूप घालून आलेय. शेजारच्या मालूताई रोज फोनवर विचारतात, कधी येणार म्हणून. मला माझ्या घरी जाऊ द्या, सगळा कंटाळा जातो की नाही बघा.”

“हा पर्यायी उपाय झाला,” अरविंद सदस्यांकडे वळून म्हणाले. “तो आपल्या कक्षेत येत नाही.”

स्मृती आतून म्हणाली, “आई, परीक्षा होऊ द्या ना मुलांच्या. मग बघू.” ही मुलांची या मुक्कामातली दुसरी परीक्षा होती.

मग सुरक्षिततेच्या तरतुदी आल्या. वैद्यकीय तपासणी हवीच, म्हणून वासंतीबाईंना डॉक्टर अमिरुन्निसांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई रत्नागिरीच्या. त्यांनी नाडी पाहिली, गप्पा मारल्या आणि कुमारला म्हणाल्या, “यांना काहीही झालेलं नाही. यांना घरी जायचंय. औषध म्हणून तिकीट लिहून देऊ?” समितीने यातलं पहिलं वाक्य तेवढं नोंदवून घेतलं. पुढे अर्जदारावर कुणाचा दबाव नाही, याचीही खात्री हवी होती. तसं निवेदन वासंतीबाईंनी स्वतःच्या शब्दांत द्यायचं होतं. ते शब्द कुमारने लिहून दिले आणि आई ते नीट वाचते ना, हे बघायला शेजारी उभा राहिला.

परिसंवाद शहराबाहेरच्या एका इस्तराहात झाला. सहलीसाठी भाड्याने मिळणारी ही जागा, उंच भिंतींच्या आत. त्यामुळे तिथे स्वातंत्र्यावर मोकळेपणाने बोलता येई. वासंतीबाईंना व्यासपीठावर मधल्या खुर्चीत बसवलं होतं. गळ्यात हार होता. जिवंतपणी हार घालावा की घालू नये, यावर समितीत मतभेद झाले होते, पण तो आधीच आणलेला होता.

विरोधी पक्षाने कुटुंबसंस्थेचं काय, असा सवाल केला. कुमारने त्यांची सालटी काढली. “माणसाच्या आयुष्यावर मालकी कुणाची?” त्याचा आवाज चढला. “माझीच गोष्ट घ्या. माझा पासपोर्ट कंपनीच्या तिजोरीत. मला माझ्या घरी जायला दुसऱ्याची सही लागते! ही गुलामगिरी आहे!” नियम मोडला गेला होता, पण टाळ्यांत ते कुणाच्या लक्षात आलं नाही. “म्हणून सांगतो, माझ्या आईचं आयुष्य माझ्या आईचं आहे. तिने कधी जायचं हे तीच ठरवेल. मी मुलगा असलो तरी आड येणार नाही!”

बायकांनी डोळे पुसले. ठराव मताला टाकला. हॉलभर हात वर झाले आणि वासंतीबाईंना मरणाचा हक्क प्रचंड बहुमताने बहाल झाला.

“काकू, दोन शब्द,” म्हणत अरविंदांनी माइक पुढे केला.

वासंतीबाईंनी हार काढून मांडीवर ठेवला. त्या म्हणाल्या, “कुमार, माझा पासपोर्ट तुझ्या कपाटात आहे. तो दे.”

“आई, तो सुरक्षित आहे…”

“तुझाही तिजोरीत सुरक्षितच आहे की. मरायला पासपोर्ट लागत नाही, एवढं कळतं मला. मिरजेला लागतो.” मग त्यांनी समोर पाहिलं. “आत्ता एवढे हात वर केलेत. आता मला घरी पाठवायला करा.”

एकही हात वर झाला नाही. वाईट माणसं नव्हती हो ती. पण प्रत्येकाच्या घरी दुपारी शाळेची बस येत होती.

मागे स्वयंपाकघराच्या दारात मात्र गडबड झाली. मंडळाच्या पुऱ्या तळायला सगळ्यांच्या आया आणि सासवा तिथेच जमल्या होत्या, व्हिजिट व्हिसावर आलेल्या. झारे घेऊन त्या दारात आल्या आणि पिठाने माखलेले हात एकामागून एक वर झाले.

अरविंद क्षणभर गोंधळले. मग त्यांना नियम आठवला. “व्हिजिट व्हिसावरच्या व्यक्ती मंडळाच्या सभासद नाहीत,” त्यांनी जाहीर केलं. “हे हात धरता येणार नाहीत. जेवण तयार आहे.”

लोक जेवायला उठले. पुऱ्या उत्तम फुगल्या होत्या. वासंतीबाईंच्या व्हिसाची मुदत पुढच्याच आठवड्यात वाढली आणि कुमारने त्याबद्दल घरी पेढे आणले.

तुम्हाला कुमारचा राग आला असेल. यायलाच हवा. फक्त त्याला चार शिव्या घालण्याआधी जरा उठा आणि आतल्या खोलीत आई बसलीय ना, तिला विचारून या, तिच्या घराची किल्ली कुठे आहे. ती तुमच्याकडेच बोट दाखवेल.