मतदानाच्या अक्षता

सबनीसकाकांनी आमच्या गल्लीत मतदानाच्या अक्षता दिल्या. लग्नाला बोलावताना देतात तशाच. हातात चांदीची वाटी, वाटीत कुंकू लावलेले तांदूळ, अंगात सूट, पायात बर्फातले बूट. घंटी वाजवायची, दार उघडलं की समोरच्याच्या हातावर चार दाणे ठेवायचे आणि आधी मराठीत, मग इंग्रजीत म्हणायचं, "घरचं कार्य समजा. सगळ्यांनी यायचं."

कार्य म्हणजे शिकागोजवळच्या आमच्या या गावातली शाळा. तिचं छप्पर गळतं. घरांवरचा टॅक्स वाढवायचा का, यावर गावाचं मतदान होतं. हो म्हटलं तर नवं छप्पर, नाही म्हटलं तर शाळा बंद.

समोरच्या गोऱ्या बाईनं विचारलं म्हणे, हे शिजवायचं का? तिच्या शेजारच्या म्हाताऱ्यानं तर दाणे तोंडातच टाकले. काका खूश. "त्याचं मत पक्कं. आपल्याकडचं खाल्लंय त्यानं."

मी मुलाकडे राहायला आलेली. मी हात मागे घेतला. "काका, मला कुठलं इथे मत?"

"कार्याला यायला मत कशाला लागतंय, ताई? उभं राहायला माणूस नको का?"

माझी सून मृणाल म्हणाली, "काका, हे फार वीअर्ड दिसतं. कोणीतरी पोलिसांना कॉल करेल."

"करू दे. तो आला तर त्यालाही चार दाणे."

गल्लीच्या टोकाला एक रिटायर झालेले मराठी डॉक्टर राहतात. ते रस्त्यातच म्हणाले, "सबनीस, आपली पोरं केव्हाच शिकून गेली. आपण का भरायचा टॅक्स, यार?"

"तुमच्या गुडघ्याचं ऑपरेशन जिनं केलं, ती पोरगी आईच्या पोटातून शिकून आली होती का?" असं म्हणून काकांनी त्यांच्या हातावरही अक्षता ठेवल्या. डॉक्टर त्या टाकूही शकेनात आणि धरूही शकेनात. कुंकवाच्या अक्षता फेकणार कशा?

मतदान शाळेतच होतं. काका सकाळीच दाराशी जाऊन उभे राहिले आणि येईल त्याला "या, या" करू लागले. आतल्या बाईनं येऊन सांगितलं, दाराशी प्रचार चालत नाही. मग ते पार्किंगच्या पार टोकाला गेले आणि तिथून हात जोडू लागले. अगदी मुलीचा बाप. मी शेजारी उभी राहिले. लोक गाडीतून उतरत, मत देत आणि निघून जात. कोणाला "जेवून जा" म्हणता येत नव्हतं, याचं काकांना फार वाईट वाटत होतं.

थंडी नाकाला झोंबत होती. मी म्हटलं, "काका, एवढं कशाला करता हो?"

"आमची शकू याच शाळेत होती," ते म्हणाले. शकू म्हणजे त्यांची मुलगी, आता तिकडे कॅलिफोर्नियात सांता क्लाराला असते. "रविवारी फोन करते. माझं ब्लड प्रेशर विचारते, मी तिचं काम विचारतो. मग दोघंही गप्प. तिची आई होती तेव्हा त्या दोघी बोलायच्या, मी नुसता बाजूला बसायचो. मला बोलता येत नाही. मग तीच म्हणते, बाबा, शाळेचं काय चाललंय? मग मला सुचतं. नवा झोपाळा बसवला, भिंत पिवळी केली, असं सांगत बसतो. ती हसते. आता शाळाच नसली तर रविवारी मी काय..."

तेवढ्यात एक गाडी वळली. काका पुढे झाले. "या, या!"

संध्याकाळी मी आणि मृणाल त्यांच्याकडे वरण-भात घेऊन गेलो. मी ताट वाढत होते तेवढ्यात मृणालनं फोनवर निकाल पाहिला आणि ओरडली, "काका, पास झालं! शाळा राहिली!"

काकांनी लगेच शकूला फोन लावला. तिनं उचलला नाही. ते मशीनवरच बोलले. "शकू, शाळा राहिली गं. नवं छप्पर होणार. वेळ मिळेल तेव्हा कर. घाई नाही."

फोन त्यांनी ताटाशेजारी ठेवला. भात कालवला, पण घास उचलला नाही.

"ताई," ते म्हणाले, "एवढ्या मोठ्या छपराचं काम बरेच दिवस चालेल, नाही का?"

"चालेल की," मी म्हटलं.