टेंबेची सात अंडी

टेंबेला सापांची भयंकर भीती वाटते आणि टेंबेच्या घरात दोन साप आहेत. नेदरलँड्समध्ये, हूफडॉर्पमधल्या आमच्या इमारतीत, माझ्या समोरच्याच दारात, गेली तीन वर्षं हा माणूस ओव्हनचे हातमोजे घालून, तोंड भलतीकडे फिरवून सापांना जेवू घालतोय. जेवण म्हणजे गोठवलेले उंदीर. वाढदिवसाच्या केकमध्ये अंडं आहे का हे तीन जणांना विचारणारा हा टेंबे, पण त्याच्या फ्रीझरमध्ये खोवलेल्या नारळाशेजारी उंदरांचा डबा असतो. उंदीर कोमट पाण्यात मऊ करायचा, सांडशीत धरायचा आणि देवाचं नाव घेत पुढे करायचा.

साप मिल्कस्नेक जातीचे, लाल-काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे. "विष नाहीये रे त्यांना," असं टेंबे प्रत्येकाला सांगतो. सांगताना स्वतः दोन पावलं मागे सरकतो.

खरं म्हणजे साप त्याचे नाहीतच. ते त्याच्या मुलीचे, रेवाचे. दहाव्या वाढदिवसाला तिनं हट्टानं घ्यायला लावले. त्याच वर्षी टेंबेचा घटस्फोट झाला, बायको नोकरी बघून आइंडहोवनला गेली. मुलगी आईकडे गेली आणि साप बापाकडे राहिले. सुरुवातीला रेवा एक शनिवार सोडून यायची. ती सापांना मांडीवर घेऊन बसायची आणि टेंबे सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला पाय वर घेऊन तिच्याकडे बघत बसायचा. मग तिची हॉकी सुरू झाली, मैत्रिणी आल्या, शनिवार गळायला लागले. मागच्या वर्षी ती चारदाच आली. शेवटच्या खेपेला स्टेशनवर म्हणाली, "पापा, बेबीज झाली ना, तर मी सुट्टीभर येईन."

झालं. टेंबेनं पिल्लांचा ध्यास घेतला.

हिवाळ्यात दोन महिने नर-मादीला थंडीत, उपाशी ठेवावं लागतं, तेव्हा कुठे वसंतात त्यांची जोडी जमते. टेंबेनं सापांचे दोन्ही डबे तळमजल्यावर सायकलींच्या खोलीत नेले आणि रोज ऑफिसातून आला की आधी तिथला पारा बघायचा. मी म्हणालो, "तुझ्याही संसारात थंडी भरपूर होती की रे. वसंत तेवढा राहिला." तो हसला. मी असंच बोलतो, लोक हसतात, मग मी अजून बोलतो. मराठी मंडळात त्याचं 'गारुडी' हे नाव मीच पाडलेलं.

जूनमध्ये सात अंडी झाली, एकमेकांना चिकटलेली. टेंबेनं ती ओलसर भुशात, अठ्ठावीस अंशांच्या पेटीत ठेवली आणि प्रत्येकावर वरच्या बाजूला पेन्सिलनं बारीक खूण केली. सापाचं अंडं उलटं झालं की आतलं पिल्लू गुदमरतं म्हणे. तेव्हापासून त्याच्या तोंडी एकच वाक्य होतं, "हलवायचं नाही." पेटीचं टेबल हलवायचं नाही, त्याशेजारची खुर्ची हलवायची नाही. मी चहाचा कप ठेवला तरी त्याचा जीव वरखाली.

नागपंचमीच्या सुमारास ऑफिसनं त्याला चार दिवस जर्मनीला पाठवलं. किल्ली माझ्याकडे दिली. "फक्त पारा बघ. झाकण उघडू नकोस. आणि..."

"हलवायचं नाही," मी म्हणालो.

तेव्हा माझी आई पुण्याहून तीन महिन्यांसाठी आली होती. नागपंचमीला सकाळीच ठेवणीतली साडी नेसून म्हणाली, "पाटावर नाग काढू कशाला? समोर खरे आहेत की." माझा कॉल चालू होता. मी किल्ली तिच्या हातात दिली.

कॉल संपवून गेलो तर पूजा आटपत आलेली. सापांचा डबा उघडायचं तिला धैर्य झालं नव्हतं, म्हणून तिनं अंड्यांची पेटी उघडली होती. अख्खा घोस ताम्हनात, वर पळीपळीनं दुधाचा अभिषेक, हळद, कुंकू. मग मऊ फडक्यानं टिपून तिनं अंडी परत भुशात ठेवली, खालचं वर आणि वरचं खाली.

'हलवायचं नाही' हे वाक्य मी दोनशे वेळा तरी ऐकलं होतं. तरी मी पोट धरून हसलो. फोटो काढला आणि मंडळाच्या ग्रुपवर टाकला, 'गारुड्याच्या घरी बारसं.' लोक दिवसभर हसत होते. त्या ग्रुपवर टेंबेही आहे.

तो परत आला, पण किल्ली मागायला आला नाही. मीच गेलो. पेटीसमोर बसला होता. अंडी पिवळी पडली होती, दोन खचली होती. "खुणा खाली गेल्या रे," एवढंच म्हणाला. तेवढ्यात माझ्यामागून आई पुरणाच्या दिंडांची ताटली घेऊन आली. "झाली का रे पिल्लं? दुधानं न्हाऊ घातलंय मी त्यांना. उदंड आयुष्य मागितलंय."

टेंबे उठला, आईच्या पाया पडला. "होतील हो काकू," म्हणाला आणि उभ्यानंच दिंड खाल्लं. मला लाज वाटली. फोटो काढून टाकायला गेलो, तर तो आता फक्त माझ्या फोनवरून जात होता, बाकीच्यांकडे तसाच राहिला.

याला आता तीन आठवडे झाले. जिन्यात वास येतो. खालच्या डच बाईनं मला विचारलं, तेव्हा काल संध्याकाळी धीर करून टेंबेकडे गेलो. पेटी चालूच होती, पारा अठ्ठावीसवर. आत बुरशीचा गोळा. मी काही बोलणार तेवढ्यात त्याचा फोन वाजला. रेवाचा मेसेज होता, "आल ईट्स?" म्हणजे, झालं का काही?

टेंबेनं तो मला दाखवला. त्याच्या वरचे मेसेजही तेच होते, रोजचा एक, सगळ्या सुट्टीभर. "आधी महिन्यातून एखादा यायचा," तो म्हणाला. मग डचमध्ये उत्तर टाइप केलं, "अजून नाही."

मला माफी मागायची होती. तोंडातून निघालं, "टेंबे, वास येतोय रे."

"खिडकी उघडू या," तो म्हणाला. "पण पेटी हलवायची नाही."

खिडकी मीच उघडली.